सतरा नंबरचा तुकडा

मंगळवार, १० जानेवारी

आज प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांसमोर मला "आमच्या बाई" म्हटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. एरवी मी म्हणजे "अहो, ते काप झाले का?" एवढीच. म्हणून ही वही काढली. कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं, सर उद्या विसरतील.

झालं असं की अभ्यासाचा पहिला आलेख आला. स्तनात गाठ असलेल्या अडतीस बायका, प्रत्येकीचे दोन तुकडे. एक, किरणं देण्याआधी सुईने काढलेला. दुसरा, किरणं देऊन झाल्यावर ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीतला. मी ते तुकडे मेणात बसवते, यंत्रावर केसापेक्षा पातळ कापते आणि नळीत भरते. पुढचं सगळं वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं करतात. त्यांचं म्हणणं असं की किरणांनी जी पेशी मरत नाही ती बदलते. जीन तेच राहतं, पण त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा चढतात आणि ते बंद पडतं. बंद पडणाऱ्यांत एक जीन असं आहे की ज्याच्यामुळे पेशी हॉर्मोनचं ऐकते. ते बंद झालं तर ऑपरेशननंतर पाच वर्षं हॉर्मोन रोखणारी जी गोळी देतात, ती घेतली काय न घेतली काय, सारखंच.

"गोळी बिचारी दार वाजवत बसणार आणि आत कोणी राहतच नाही," असं सर म्हणाले. सगळे हसले. अडतीसपैकी छत्तीस जणींत बदल दिसला, हे ऐकून टाळ्याही झाल्या. मग सर म्हणाले, "आणि हे सगळे काप आमच्या बाईंच्या हातचे." मी मान खाली घालून उभी राहिले, पण कान चांगले टवकारलेले होते.

घरी यांना सांगितलं. "अरे वा," म्हणाले आणि पान उलटलं. नवऱ्याला वर्तमानपत्रातून बाहेर काढायला माझं नाव छापूनच यायला हवं.

शनिवार, २१ जानेवारी

शनिवार म्हणजे आमचा सर्जन. या अभ्यासातल्या सगळ्या बायका त्याच्याच, आणि त्याला ऑपरेशन थिएटर मिळतं ते शनिवारीच. बारा वाजता गाठ येते. डॉक्टरांच्या तपासणीचा भाग पलीकडच्या विभागात जातो, संशोधनाचा छोटा तुकडा माझ्याकडे. मी तो फॉर्मॅलिनमध्ये टाकते, झाकण लावते, एकला घरी. सोमवारी रोजच्या तपासण्यांचा डोंगर असतो, त्यामुळे संशोधनाचे तुकडे मंगळवारी हातात घेते. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा सडत नाही, पळून जात नाही. बिचारा पडून राहतो. मला ज्यांनी शिकवलं त्याही असंच करायच्या.

आज जे लिहायला बसले ते वेगळंच. नळ्यांवर फक्त नंबर असतात, नावं सरांच्या कपाटात कुलपात. पण सतरा नंबर कोण हे मला माहीत आहे. त्या शनिवारी एकच ऑपरेशन झालं होतं, आणि त्या वेळी हे बाहेर बाकावर बसले होते. सतरा नंबर म्हणजे ताई, माझी नणंद.

ताई यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. भावाला शिकवलं, शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, आणि निवृत्त झाल्या तरी त्यांची शाळा काही सुटलेली नाही. आमच्या घरात येतात तेव्हा अजून तपासणीला आल्यासारख्या येतात. माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची भावजय, दवाखान्यात बाटल्या बघते." बघते. म्हणजे मी नुसती समोर बसून असते.

वरच्या मजल्यावरून यादी तपासायला आली होती. सतरापुढे काय आहे ते बघितलं. बघायचं नसतं. बंद. खुणा ब्याण्णव टक्के.

रविवार, ५ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

ठरवून गेले नव्हते. ताईंना औषधं पोचवायला गेले होते, हे सर्दीने आडवे म्हणून. त्या सकाळपासून बोटं शेकत बसल्या होत्या. हॉर्मोनच्या त्या गोळीने सांधे आखडतात. मध्येच अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, मग खिडक्या उघड, मग बंद कर. "पाच वर्षं हे," म्हणाल्या. "साडेचार राहिली. माझ्या हातात खडू धरवत नाही."

"तुम्हाला आता खडू कशाला हवाय?"

"हवाय असं म्हटलं का मी? धरवत नाही म्हटलं."

हे असं. सरळ बोलायचं नाहीच. मग मी म्हटलं, "ताई, एक सांगू? पण हे कोणाला बोलायचं नाही." त्यांनी चष्मा काढला. माझं ऐकायला त्यांनी कधी चष्मा काढलेला मला आठवत नाही. मी सगळं सांगितलं, किरणं, खुणा, बंद पडलेलं जीन, सतरा नंबर. सरांचं दार वाजवायचं वाक्यही सांगितलं, माझंच असल्यासारखं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे तुझं म्हणणं, ही गोळी मी उगाच खाते?"

"मी तसं म्हणत नाही. अभ्यास काय सांगतो ते सांगते."

"तू रोज बघतेस. तुला काय वाटतं ते सांग."

इतक्या वर्षांत मला काय वाटतं हे या घरात कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या मते उपयोग नाही."

दया आली म्हणूनच सांगितलं. बोटं बघवत नव्हती.

बुधवार, २२ फेब्रुवारी

ताईंनी गोळी बंद केली. स्वतः फोन करून सांगितलं, सांधे मोकळे झाले, झोप लागते. "तुझ्यामुळे," असंही म्हणाल्या. मी म्हटलं डॉक्टरांना विचारा. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारलं तर हे कुठून कळलं ते विचारतील. राहू दे."

बरोबरच आहे म्हणा. आज त्यांनी मला जेवायला बोलावलं, आणि ताट माझं आधी वाढलं. हे बघतच राहिले.

मंगळवार, १८ एप्रिल

डोकं फिरलंय. शनिवारी थिएटरच्या छताची दुरुस्ती निघाली म्हणून सर्जनसाहेबांनी अभ्यासातली पुढची बाई आज आणली. मंगळवारी! आधीच हाताखाली चाळीस तपासण्या. वर सर सांगतात, उद्या मी दौऱ्यावर, एकेचाळीस नंबर आत्ताच पुढे घ्या. संध्याकाळी थांबून तुकडा प्रक्रियेच्या यंत्रात लावला, तेव्हा कुठे सुटका झाली. जेमतेम सात तास फॉर्मॅलिन मिळालं बिचाऱ्याला. कापताना त्रास झाला तर माझ्या नावाने ओरडायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.

शुक्रवार, १६ जून

वरच्या मजल्यावरचे आकडेशास्त्री आज खाली आले. हे आमचे आकडेमोड करणारे, आम्हीच ठेवलेलं नाव. माणूस सुका, पण खोटं बोलत नाही. त्यांना माझी खोली सापडेना, दोनदा भांडारात शिरले म्हणे.

"बाई, एकेचाळीसमध्ये तुम्ही वेगळं काय केलंत?"

"मी कधीच काही वेगळं करत नाही. का?"

"बदल नाही. आधी जसं जीन उघडं तसंच नंतर. एकटीच अशी. अडतीसमधल्या उरलेल्या दोघीसुद्धा थोड्यातरी बदलल्या होत्या."

"मग तिला जाऊन विचारा."

सरांनी तिला सरळ वगळा म्हणून सांगितलंय. आकडेशास्त्रींना ते पटत नाही. मला राग एवढ्याचाच आला की चूक दिसली की आधी जिना उतरून माझ्याकडे येतात. छत्तीस बरोबर आले तेव्हा यातलं कोणी खाली आलं नव्हतं.

ताईंची पाठ धरलीय. गच्चीतल्या कुंड्या उचलल्या असणार. एकसष्टाव्या वर्षी कुंड्या कोण उचलतं? मलम पाठवून दिलं.

शनिवार, २४ जून

काल आकडेशास्त्रींबद्दल आणखी चार ओळी लिहाव्यात म्हणून वही चाळत होते. एप्रिलचं पान उघडलं. मंगळवार. सात तास.

पान मिटलं, परत उघडलं. बाकी सगळ्या शनिवारच्या. सगळ्या तीन दिवस भिजलेल्या. आणि सुईने काढलेले आधीचे तुकडे मात्र कुठल्याही वारी येतात, त्याच दिवशी पुढे जातात, कारण ते इवलेसे असतात. म्हणजे आधीचे सगळे ताजे, नंतरचे सगळे मुरलेले.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मी स्वतःला दिवसभर हेच सांगितलं. तरी आज बाराला गाठ आली तेव्हा तुकड्याचे दोन भाग केले. एक संध्याकाळपर्यंत थांबून पुढे लावला. दुसरा माझ्या पद्धतीने मंगळवारपर्यंत ठेवणार. हे म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी कामावर? बढती मिळाली की काय?"

गुरुवार, १३ जुलै

एकच गाठ, एकच बाई. शनिवारचा भाग उघडा, मंगळवारचा बंद.

आकडेशास्त्रींनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. समजावूनही त्यांनीच सांगितलं, हळू आवाजात. चाचणीतलं रसायन जीनच्या खूण नसलेल्या अक्षरावर चढतं आणि ते बदलून टाकतं. जे बदलत नाही तिथे खूण आहे, असं आम्ही धरतो. पण जास्त दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला तुकडा आखडतो, रसायन आत जातच नाही, मग काहीच बदलत नाही. आणि आम्ही वाचतो, बघा, किती खुणा.

"म्हणजे किरणांनी काही होत नाही?"

"होत असेलही. आपल्याला माहीत नाही, एवढंच. आपण तीन वर्षं फॉर्मॅलिन मोजलं."

मला वाटलं ते मला बोलतील. बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं की तुकडा किती तास ठेवायचा. कोणी विचारलंही नाही. पण भिजत ठेवला कोणी? मी. एक वाजता पर्स उचलून निघणारी मी.

"सरांना तुम्ही सांगता की मी?" त्यांनी विचारलं. मी आठ दिवस मागितले. का, ते सांगितलं नाही.

रविवार, १६ जुलै

ताईंकडे गेले, सांगायचंच म्हणून. जिन्यात वाक्य तयार केलं होतं. दार उघडलं तर त्या भिंतीला धरून चालत होत्या. पाठ सुधारलेली नाही. "वयच झालं," म्हणाल्या. मी पाठीला मलम चोळून दिलं. दुखणं चालू असताना कशाला डोक्याला ताप द्यायचा? बरं वाटलं की सांगेन. चार दिवसांनी काय बिघडतं?

मंगळवार, १ ऑगस्ट

आकडेशास्त्री वाट पाहून शेवटी स्वतःच सरांकडे गेले. सर म्हणाले, एका गाठीवरून काही ठरत नसतं, पुढच्या महिन्यात परिषद आहे, तोपर्यंत हा विषय नको. मला बोलावून म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका." इतक्या प्रेमाने म्हणाले की मी खरंच लावून घेतलं नाही. दोन दिवस चक्क बरं वाटत होतं.

ताईंना अजून सांगितलेलं नाही. आज भेकड हा शब्द स्वतःसाठी वापरून बघितला. चपखल बसला.

सोमवार, ४ सप्टेंबर

मणक्यात आहे. दोन ठिकाणी. पाठ कुंड्यांनी धरली नव्हती.

हे दवाखान्यात बरोबर होते. संध्याकाळी घरी येऊन चप्पल न काढता बसून राहिले. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नियमित घेत होतात ना? ताईंनी सांगितलं, एकही दिवस चुकवली नाही.

एकही दिवस! फेब्रुवारीपासून हात लावलेला नाही. धडधडीत खोटं, आणि तेही डॉक्टरांच्या तोंडावर. मुख्याध्यापिका ना, स्वतःचं चुकलं हे कबूल कसं करणार? जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या, स्वतःच्या वहीत एक नको. म्हणून आता कागदावर आलं की गोळी चालली नाही, आणि कडक औषध ठरलं. केस जातील, रक्त उतरेल. माझा संताप संताप झाला.

बुधवार, ६ सप्टेंबर

सर आज शिट्टी वाजवत खाली आले. "बाई, सतरा नंबर! जीन बंद, गोळी नियमित, तरी दोन वर्षांच्या आत गाठ उलटली. आपल्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. परिषदेत हीच दाखवणार." त्यांना माहीत नाही सतरा कोण. त्यांना फक्त नंबर दिसतो, आणि नियमानुसार तसंच असायला हवं. नियम मोडला तो मी.

माझ्या नणंदेच्या खोट्याने माझी चूक खरी ठरली.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

आज सांगितलं. उशांना टेकून बसल्या होत्या. फॉर्मॅलिन, शनिवार, मंगळवार, सगळं. त्या ऐकत होत्या, चष्मा घालूनच.

"म्हणजे तो तुकडा बदललाच नव्हता?"

"माहीत नाही, ताई. बदललाही असेल."

"मग त्या दिवशी तू मला काय सांगितलंस?"

उत्तर द्यायचं सोडून मीच चढ्या आवाजात म्हटलं, "पण तुम्ही डॉक्टरांशी खोटं का बोललात? ती गोळी चालली असती कदाचित! आता ते धरूनच चाललेत की चालत नाही."

"ते माझं मी बघीन."

"काय बघणार? बुधवारी कडक औषध सुरू करतायत."

"मग करू दे. मी बंद केली म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येईल? तुला निवृत्तीला किती वर्षं राहिली?"

"पाच. त्याचा इथे काय संबंध?"

"नाही ना? मग जा तू आता. मला पडायचंय."

घरी येऊन यांना म्हटलं, तुमच्या बहिणीचा ताठा मरेपर्यंत जायचा नाही. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिले. "तुला खरंच कळत नाही का गं?" म्हणाले आणि उठून बाहेर गेले. आता यांचं काय बिनसलं?

मंगळवार, १२ सप्टेंबर

चार दिवस लागले, पण कळलं. पाच वर्षं.

मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. कोणी सांगितलं होतं ताईंना? माझ्या नोकरीसाठी स्वतःच्या रक्तात विष घ्यायला मी म्हटलं होतं का? माझी किंमत त्यांना कळायला मला त्यांना मारावं लागलं, असा हिशोब. मला नको ही मेहेरबानी.

सरांना लेखी दिलं. मी यादी बघितली, मी रुग्णाला सांगितलं, तिने गोळी बंद केली, सतरा नंबर पुरावा नाही. खाली माझी सही. त्यांनी दोनदा वाचलं. मग मला "आपण" म्हणाले, "आपण उद्यापासून या खोलीत यायचं नाही." परिषदेचं काय करणार ते बोलले नाहीत. आकडेशास्त्री जिन्यात उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली.

बुधवार, १३ सप्टेंबर

ताई मला बरोबर न्यायला तयार नव्हत्या. मी यांना घरी बसवलं आणि गेलेच.

डॉक्टर बाई तरुण आहेत, पटापट बोलणाऱ्या. आजच्या औषधाचा कागद पुढे होता. मी म्हटलं, "थांबा. यांनी फेब्रुवारीपासून गोळी घेतलेली नाही."

ताईंनी माझा दंड धरला. त्या बोटांत अजून एवढा जोर आहे हे माहीत नव्हतं.

"कोणी बंद करायला सांगितली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "मीच अतिशहाणी."

"मी सांगितली," मी म्हटलं. "मी प्रयोगशाळेत काम करते. करत होते."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता आवाज चढेल. चढला नाही. त्यांनी सगळं विचारून घेतलं, महिने मोजले, मग औषधाच्या कागदावर आडवी रेघ मारली. मूळच्या गाठीत हॉर्मोनचं ऐकणाऱ्या पेशी भरपूर होत्या, म्हणाल्या, म्हणजे गोळी चालायला हवी. तीच सुरू करायची, सोबत दुसरी एक. हाडात गेलेलं पूर्ण बरं होत नाही, थोपवता येतं. चाललं तर काही वर्षं.

"आणि घेत राहिल्या असत्या तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर कदाचित आलं नसतं. कदाचित तरीही आलं असतं. ते आता कोणालाच कधी कळणार नाही."

बाहेर आलो. औषधांच्या खिडकीवर ताईंनी स्वतः पाकीट घेतलं, बाकावर बसल्या आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी पेला भरून आणला. त्यांनी गोळी तळहातावर काढली. रागावल्या आहेत, आणि रागावूच देत.

मग वर न बघता विचारलं, "ही तरी बरोबर आहे का? तू बघ जरा. तुला काय वाटतं?"

अजूनही. सगळं होऊनही मलाच. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, अगदी तयार.

"मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "आत जाऊन त्यांना विचारा."

त्या उठल्या. मग मूठ मिटून भिंतीला धरत परत आत गेल्या. मी पेला धरून बाहेर बसून राहिले.